आभार मी मानले नव्हते

"हिची लाळ गळती काय ओ?"

साड्यांच्या दुकानाच्या मालकानं हे मला नाही विचारलं. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या आमच्या कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. मी तिथंच होते. हातभर अंतरावर.

मॅडम हसल्या. "नाही, नाही. रुमाल असतो तिच्याकडं."

मग त्यानं माझं आडनाव विचारलं. तेही त्यांनाच. ऐकून म्हणाला, "असं होय." आमचं घर बौद्धांचं. ते 'असं होय' आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

मी बारावीत होते. जन्मताना मेंदूला इजा झाली, म्हणून डावा हात आखडलेला. शब्द तोंडातून ओढत बाहेर येतात. डोकं चालतं. पण डोकं चालतं हे सांगायलाही बोलावंच लागतं.

आमच्या कॉलेजात माझ्यासारख्यांचा वेगळा वर्ग होता. 'कामाची तयारी' असा तास असायचा. काय तयारी? ताठ बसायचं. पाहुणे आले की हात जोडायचे. पाकिटं चिकटवायची. मला कॉम्प्युटरवर बिलं करायला शिकायचं होतं. एका हातानं टाइप करता येतं मला. मॅडम म्हणायच्या, "आधी नीट बोलायला शिक."

बाकावर माझ्याशेजारी सुवर्णा बसायची. पेठ वडगावहून एसटीनं यायची. तिला हिशेब जमत नाही, वाचायला फार वेळ लागतो. लोक तिला तोंडावर मंद म्हणतात. पण माझं बोलणं तिला सगळं कळतं. शेजारी बसून बसून तिचे कान तयार झाले.

आम्हा दोघींना त्या दुकानात सरावासाठी ठेवलं. मागच्या गोदामात. साड्यांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायची. गिऱ्हाईक असताना पुढं यायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं.

पुढं बोलावलं ते दुकानाच्या वर्धापनदिनाला. फुलांच्या माळा, माइक, फोटोग्राफर. मालकाची बायको म्हणाली, "ही देवाची लेकरं. यांची सेवा करायचं भाग्य आम्हाला मिळालं." दिवसभर आम्ही राबत होतो, आणि सेवा म्हणे ते करत होते. तिनं माझ्या हातात साडी ठेवली आणि माइक पुढं केला.

मी बोलले. जमेल तितकं सावकाश.

"साडी नको. बिलाचं काम शिकवा."

मालकाच्या बायकोला कळलं नाही. ती मॅडमकडं वळली. "काय म्हणतीय?"

मॅडम माइकपाशी वाकल्या. "सगळ्यांचे आभार मानतेय."

टाळ्या पडल्या.

आजवर लोकांनी मला वेडी म्हटलं, माझी नक्कल केली, बसमध्ये जागा बदलली. ते सगळं मी सोसलं. पण हे सोसवेना. महत्प्रयासानं दोन वाक्यं बाहेर काढली होती मी. ती फेकून मॅडमनी आपलं वाक्य माझ्या तोंडात कोंबलं. आणि लोक त्याला टाळ्या वाजवत होते.

मी पुन्हा बोलले. मॅडमनी दंडाला चिमटा काढला. "गप."

तेवढ्यात सुवर्णा ओरडली. तिला हळू बोलता येतच नाही.

"आभार न्हाय म्हणाली ती! साडी नको म्हणाली. काम शिकवा म्हणाली की! तुमास्नी कळंना व्हय?"

कुणीतरी हसलं. मालकाचा चेहरा उतरला. मी साडी टेबलावर ठेवायला गेले, एका हातानं ती निसटली आणि खाली पडली. उचलली नाही मी. चालत बाहेर आले. सुवर्णा मागोमाग आली.

कॉलेजात परतताना रिक्षात मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांना दारात उभं करतात हेच खूप. आता पुढच्या मुलींना कोण घेईल?"

खरंच, त्या दुकानानं आम्हा दोघींना काढलं आणि पुन्हा आमच्या वर्गातल्या कुणाला घेतलं नाही. मला झोप लागेना.

मग सुवर्णाची आई आमच्या मंगळवार पेठेतल्या खोलीवर आली. सुवर्णाला घेऊनच. माझ्या आईनं चहा दिला, सुवर्णाच्या आईनं कपाला हात लावला नाही.

"तुझ्यापायी माझ्या पोरीचं काम गेलं," ती मला म्हणाली. "तुला डोकं हाय. तू काय बी करशील. हिनं कुठं जायाचं?"

उंबऱ्यात बसलेली सुवर्णा बोलली.

"मला लेबलं चिकटवायचीच नव्हती. मला गिऱ्हाईकापुढं साड्या उलगडायच्या हुत्या."

तिची आई वळली. "मग बोलली न्हाईस ते?"

"कुणी इचारलं?"

तिची आई पदराचं टोक पिळत राहिली. मग सुवर्णाचा हात धरून गेली. माझ्यावरचा तिचा राग अजून गेलेला नाही. त्यात तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मी प्राचार्यांकडं गेले. मी म्हणाले, आम्हाला कुठं पाठवायचं ते आम्हाला विचारून ठरवा. ते "बघू" म्हणाले. काही बघितलं नाही. पुढच्या वर्षीची मुलं पाकिटंच चिकटवत बसली.

बारावीनंतर मी बिलाचं काम शिकले. गल्लीतल्या मेडिकलवाल्या ताईनं, दुकान रिकामं असेल तेव्हा, शिकवलं. नोकरी अजून मिळालेली नाही. आता सुवर्णा आणि मी दोघीच दुकानांत जातो. मॅडम नाहीत, कॉलेजची चिठ्ठी नाही. तिला साड्या उलगडायच्यात, हे ती स्वतः सांगते. बहुतेक ठिकाणी काउंटरवरचा माणूस माझं ऐकून तिच्याकडं बघतो. ही काय म्हणतीय?

सुवर्णा उत्तर देत नाही. तसं आमचं ठरलंय. माझं मी सांगणार. त्याला कळलं नाही तर पुन्हा सांगणार. मागं गिऱ्हाईकांची रांग लागली तरी सांगणार. त्याला कळल्याशिवाय मी काउंटरपासून हलणार नाही.