घंटा ऐकू येण्याच्या अंतरावर

माझी धाकटी बहीण चौतिसाव्या वर्षी गेली. विरार पूर्वेला, फुलपाड्याजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत ती पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. तिची सहा वर्षांची मुलगी त्याच वर्गात बसायची. शाळेत ‘बाई’ म्हणायचे आणि घरी ‘आई’, असा दोघींचा नियम होता. संध्याकाळी स्कूटर वसईतल्या आमच्या गावाकडे वळली आणि वाडीतल्या केळी दिसू लागल्या, की मागे बसलेली मुलगी विचारायची, ‘आता आई म्हणू?’

आमच्या गावात कोणी गेले, की चर्चची घंटा वेगळी वाजते. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. ऐकणारा हातातले काम ठेवून उभा राहतो आणि मृतासाठी छोटी प्रार्थना म्हणतो. त्यानंतर कोण गेले याची चौकशी होते. बहिणीने या रिवाजात स्वतःची भर घातली होती. नाव कळले की ती नाव घेऊन प्रार्थना पुन्हा म्हणायची. आमच्या आईने तिला एकदा टोकले होते.

‘देवाला ठाऊक नाही का कोण गेलं ते? तू काय हजेरी घेतेस?’

‘हजेरीच घेते. नाव पुकारल्याशिवाय हजेरी लागते का?’

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. सगळ्यांना कळावे म्हणून इथे ते साध्या मराठीत लिहिले आहे.

घंटेचा हा रिवाज तिने शाळेतही नेला होता, हे मला ती आजारी असताना तिला बघायला आलेल्या मुख्याध्यापिकांकडून हॉस्पिटलमध्ये कळले. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली, की तिचा वर्ग गप्प उभा राहायचा. वर्गातली बरीच मुले घरी हिंदी बोलणारी. एकाने विचारले होते, ‘बाई, अंदर कौन है?’ ती म्हणाली होती, ‘माहीत नाही. आपलंच कोणी तरी समजायचं.’

ताप आला, उतरला, पुन्हा आला. मग अतिदक्षता विभाग. एका सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्याने एका वाक्यात सांगितले. दुसरे वाक्य मुलीबद्दल होते. ‘मी येईपर्यंत तिला कोणी काही सांगू नका. मीच सांगीन.’ मी हो म्हणालो.

मुलगी आमच्याकडेच होती. माझी बायको म्हणाली, ‘हिला संध्याकाळपर्यंत कळंबला माझ्या बहिणीकडे सोडू या, समुद्रावर खेळेल.’ मी म्हणालो, इथेच बरी, बाप तासाभरात येईल. बायको अंगण झाडायला गेली, कारण आता माणसे येणार होती. भावोजींचे मोठे भाऊ दफनाची वेळ ठरवायला चर्चमध्ये गेले. माझी आई आतल्या खोलीत होती आणि तिला हुंदका बाहेर येऊ द्यायचा नव्हता. फोनवर कोणी काय बोलायचे, शेजाऱ्यांना दारात कसे थांबवायचे, हे सगळे आम्ही ठरवले होते. घंटेचा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

मी मुलीची वेणी घालत होतो.

‘मामा, तू दोरी वळतोयस का?’

‘हलू नकोस.’

‘आईला दाखवीन मी. हसेल ती तुला.’

तेवढ्यात पहिला ठोका पडला. आमच्या घरापासून चर्च तीन आळ्या पलीकडे आहे. ती थांबली. दुसऱ्या ठोक्यासाठी तिने कान दिला. मग वेणी माझ्या हातातून सोडवून उठली, घरातल्या येशूच्या वेदीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात जोडले.

‘मामा, बसलायस काय? ही मेल्याची घंटा आहे.’

मी उभा राहिलो. तिने प्रार्थना म्हटली. शब्द स्वच्छ होते, कुठेही अडखळली नाही. मीही ओठ हलवले. बाहेर खराट्याचा आवाज बंद झाला होता.

‘कोण गेलं?’ तिने विचारले.

‘विचारून सांगतो.’

‘मग विचार ना. फोन आहे ना तुझ्याकडे? तू तर पेपरवाला.’

मी वर्तमानपत्रात बातमीदार, म्हणून गावातली खबर मला आधी कळते, असे ती धरून चालायची. मी फोन हातात घेतला. आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ बरेच दिवस अंथरुणावर होते. त्यांचे नाव सांगता आले असते. तिने त्यांच्या नावाने प्रार्थना म्हटली असती आणि वेणी पुरी करून घेतली असती. बापाला दिलेला शब्दही राहिला असता. ती माझ्याकडे बघत होती. हात अजून जोडलेलेच होते, कारण दुसरी प्रार्थना बाकी होती.

मी बहिणीचे नाव सांगितले.

‘पूर्ण सांग.’

मी पूर्ण नाव सांगितले.

‘ते आईचं आहे.’

‘हो.’

ती वेदीकडे वळली आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. नावाच्या जागी ती थांबली. मला वाटले, आता रडेल. तिने मागे न बघता विचारले, ‘आई म्हणू की नाव घेऊ?’

‘तुला हवं ते.’

तिने पूर्ण नाव घेतले, हजेरीत घेतात तसे. मग ती खाली बसली आणि अर्धी वेणी खांद्यावरून पुढे घेऊन तिचे टोक धरून राहिली. माझी आई दारात येऊन उभी होती. घंटा चालूच होती.

तिचा बाप आला तेव्हा रुग्णवाहिका मागून येत होती. तो अंगणात शिरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने बोलायला तोंड उघडले. काय बोलायचे ते त्याने वाटेत ठरवले असावे. तिने त्याचा हात धरून त्याला वर ओढले.

‘पप्पा, उभे राहा,’ ती म्हणाली. ‘आमची प्रार्थना झाली. तुमची राहिलीय.’