नाथाजी हवालदाराचा कोपरा

लढाई संपून माणसं घरी आली, ती कुणी लोखंडी ट्रंक घेऊन, कुणी खाकी घोंगडी घेऊन. माळपेठेचा नाथाजी हवालदार आला तो हात वर करायची सवय घेऊन. बसऱ्याच्या बंदराबाहेर एका नाक्यावर चार वर्षं त्यानं लष्कराच्या लॉऱ्या थांबवल्या आणि सोडल्या होत्या. सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की बायकोनं भाकरी वाढायला घेतली की हा तळहात आडवा धरायचा. ‘पुरे’ म्हणून तोंड उघडायचे कष्ट कोण घेणार!

माळपेठ हे सातारा-सांगली रस्त्यावरचं पेठेचं गाव. औंधाकडची वाट जिथं या रस्त्याला छेदते तिथं गावचा चौक, आणि चौकात दर मंगळवारी बाजाराला जो गोंधळ माजायचा तो बघायला तिकीट लावलं असतं तरी खपलं असतं. गुळाच्या गाड्या, हळदीच्या गाड्या, टांगे, सायकली आणि त्यातच भोंगा वाजवत घुसणारी सर्व्हिस मोटार. सगळ्यांनाच आधी जायचं, म्हणून कुणीच हलायचं नाही. गेल्या साली त्याच रेटारेटीत आकाराम गाडीवानाच्या बैलाचा पाय मोडला. आकाराम चौकात बसून पोर गेल्यासारखा रडला. नाथाजीनं ते पाहिलं, आणि पुढच्या मंगळवारपासून आपण होऊन तो चौकात उभा राहू लागला. पगार नाही, हुकूम नाही.

“गड्या, बैल थांबलाय, आता तू बी थांब की!” असं ओरडून तो गाडीवानांना सरळ करायचा. लोक हसायचे, पण थांबायचे.

चौकाच्या एका कोपऱ्यावर मारुती, दुसऱ्यावर गावची विहीर, तिसऱ्यावर नगराध्यक्ष लालासाहेबांची दगडी वखार. चौथा तेवढा मोकळा होता, आणि तो नाथाजीचा होता. लष्करातली सगळी मिळकत त्यानं त्या दहा-बारा हात रुंदीच्या तुकड्यात घातली होती. तिथं चहाचं हॉटेल टाकायचं, हे त्याचं आणि चंद्राबाईचं ठरलेलं. नवरा परमुलखात होता तेव्हा तिनं दुसऱ्यांच्या रानात खुरपणी करून दिवस काढले होते. आता खुरपं टाकून आपल्या चुलीपुढं बसायचं, एवढी एकच हौस तिला उरली होती. छप्पर पाडव्याला घालायचं होतं, पण चूल तिनं आधीच मांडली. तीन मोठे घडीव दगड, त्यांवर मातीचा लेप. रोज जाऊन ती चूल सारवायची. चूल पेटलेली नव्हती आणि तरी गावात तिच्यापेक्षा स्वच्छ चूल नव्हती.

अशात नगरपालिकेनं चौक सुधारायचं काढलं. ओव्हरसियर चिंतामणराव वाईहून नवेच बदलून आले होते. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं आणि कामात काटेकोर. चौकातून काय किती जातं हे मोजल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही, असा त्यांचा बाणा. दिवसभर ते विहिरीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसले, आणि महिन्याभरात नकाशा तयार झाला. चौकाच्या मधोमध गोल बाग, बागेत दिव्याचा खांब, भोवती रस्ता. लालासाहेबांनी सही ठोकली.

नकाशा बघायला नाथाजी कचेरीत गेला, तेव्हा त्याच्या मिशा आपोआप वर चढल्या. बाग बरोबर त्याच्या हॉटेलासमोर येत होती! येणारंजाणारं माणूस तिथं टेकणार आणि चहा मागणार. त्यानं कौतुकानं नकाशावरून बोट फिरवलं, आणि बोट खाली लिहिलेल्या आकड्यांपाशी थांबलं. सायकली एकेचाळीस, टांगे नऊ, मोटारी सात. बैलगाड्या तीन.

“सायेब, ह्ये मोजलं कवा?”

“सोमवारी,” चिंतामणराव म्हणाले. “माझा सोमवारचा उपास असतो. जेवायला घरी जायचं नाही, म्हणून तोच दिवस धरला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जागचा हललो नाही.”

नाथाजीला हसावं की रडावं कळेना. या मुलखात सोमवारी बैलाच्या मानेवर सहसा कुणी जू ठेवत नाही. महादेवाच्या नंदीचा वार तो. त्या दिवशी बैलांना सुट्टी. एकाच देवानं ओव्हरसियरला उपाशी ठेवलं आणि बैलांना गोठ्यात बसवलं, आणि मधल्यामध्ये चौकाचा नकाशा चुकला.

पण नाथाजी बोलला नाही. “बरं हाय,” एवढं म्हणून घरी आला. कारण त्याला आकडा दिसला तसं पुढचंही दिसलं होतं. भरल्या गाडीला वळायला ऐसपैस जागा लागते. बाग झाल्यावर ती जागा मारुतीकडून काढता येणार नव्हती, विहिरीकडून नाही, वखारीकडून तर नाहीच.

दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा चंद्राबाईची भीती जास्त. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळीच तो चिंतामणरावांच्या दारात उभा राहिला.

“सायेब, आज एक घटकाभर कट्ट्यावर चला. उपास नसला तरी चालंल.”

चिंतामणराव वही घेऊन बसले. साठ गाड्यांपर्यंत त्यांनी खुणा केल्या, मग गाड्या एकमेकींत अडकल्या आणि खुणाही. त्यांनी वही मिटली. सोमवारची गोष्ट नाथाजीनं सांगितली तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. मग मात्र त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला. “हवालदार, चूक माझीच. आता बरोबर कसं करायचं ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी चौकात पांढऱ्या फक्कीनं नकाशातली बाग आखली, कुस्तीचं मैदान आखावं तशी. आकारामनं गुळाची भरली गाडी आणली. पहिल्या वळणाला चाक सरळ बागेत गेलं.

“दिव्याच्या खांबावर चढलास रं!” लोक टाळ्या पिटत ओरडले.

बाग धाकटी केली. तरी चाक आत. आणखी धाकटी केली. आता बाग राहिली परातीएवढी, तरीही गाडी वळेना. वळायची असेल तर तिला बाहेरूनच जागा हवी होती. आकारामनं शेवटी बैलांचे कासरे सैल सोडले, आणि त्या मुक्या जनावरांनी आपलं आपण सुखाचं वळण धरलं. ते नाथाजीच्या कोपऱ्यावरून जात होतं, म्हणून कोपऱ्याच्या कुंपणापाशी बैल अडले. चिंतामणराव चाकोरीवर फक्की टाकत निघाले, आणि तेही तिथंच थबकले.

“हवालदार, जागा तुमची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी रेघ इथंच थांबवतो. कुणी बोट दाखवणार नाही.”

नाथाजीनं फक्कीची पाटी त्यांच्याकडून घेतली. पण पाऊल पुढं पडेना. कारण शेणाची बादली घेऊन चंद्राबाई समोरून येत होती. तिला त्यानं अजून एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

तिनं गर्दी पाहिली, रेघ पाहिली. रेघेचं तोंड कुणीकडं आहे तेही पाहिलं.

“आकाराम भावजी, गाडी कुठवर येती?” तिनं विचारलं.

आकारामनं मान खाली घातली. “वैनी, चुलीवरनं.”

“आन तुमास्नी कवा कळलं ह्ये?” हा सवाल नवऱ्याला.

“शनवारीच,” नाथाजी म्हणाला. “सांगायचं धाडस झालं न्हाई. तुझं चार वर्सांचं खुरपणं डोळ्याम्होरं आलं. तू न्हाई म्हण, मी पाटी हितंच ठेवतो.”

चंद्राबाईनं त्या सारवलेल्या चुलीकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. ते तिनं लपवलेही नाहीत. मग तिनं बादली खाली ठेवली.

“आवं, परमुलकात कुणाकुणाच्या गाड्यांस्नी वाट करून दिलीसा,” ती म्हणाली. “आन हितं आपल्या मानसांच्या बैलांचं पाय मोडायचं आपल्या चुलीपायी? असल्या चुलीवरचा च्या मला तरी ग्वाड लागंल व्हय?”

तिनं नवऱ्याच्या हातातली पाटी ओढली. कुंपणाचं काटेरी झुडूप पायानं बाजूला सारलं, मूठभर फक्की घेतली आणि कोपऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चुलीवरून, रेघ ओढली. चुलीच्या दगडांवरून चढता-उतरता रेघ थोडी वाकडी आली. चिंतामणरावांनी ती सरळ करायला पुढं केलेला हात मागं घेतला.

नाथाजीच्या टाचा आपसूक जुळल्या, आणि कमांडर साहेबापुढंही कधी इतका कडक ठोकला नसेल असा सलाम त्यानं बायकोला ठोकला.

चंद्राबाईनं पदरानं डोळे पुसले. मग तिला हसू आवरेना.

“सलाम ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, “चुलीचं दगूड उचला. गाडी खोळंबलीया.”