लॉर्डसाहेबांचा वनवास

थंडी सरता सरता एकदाचा बीडहून नांदूरघाटला निघालो. माझे जुने गुरुजी तिथं राहतात आणि त्यांना भेटायचं कित्येक वर्षं राहूनच जात होतं. तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर चौसाळ्यापर्यंत टांगा करा, भाडं आधी ठरवा आणि पाठीशी उशी घ्या. सडक सरकारी असली तरी खड्डे आपल्यालाच सोसायचे असतात.

चौसाळ्याच्या धर्मशाळेत उतरलो. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. तक्रारीला जागा नाही. शेजारी नांदूरघाटचे धोंडजी पाटील पथारी टाकून होते. दुष्काळात वसुलीविरुद्ध तहसीलदाराला तोंडावर बोलले म्हणून त्यांची पाटीलकी काढून चुलतभावाला दिलेली. ती परत मागायला ते औरंगाबादेस सुभेदारांकडे निघाले होते, तेही पायी. एवढी आशा कशाच्या जोरावर, असं मी विचारलं.

"लॉर्डसायबाच्या," पाटील म्हणाले. "गुरुजींनी समदी कथा सांगितली आमाला. राजाला तोंडावर म्हनला, ही लढाई चुकीची हाय. वजिरी गेली. पर राजानंच मागून बोलावून घेतलं का न्हाई?"

घास तोंडातच राहिला. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे इंग्रज लॉर्ड मी कॉलेजात वाचले होते. बापाच्या वशिल्यानं कोवळ्या वयात पार्लमेंटात शिरले, बोलण्याच्या जोरावर वजीर झाले, अमेरिकेच्या लढाईला विरोध केला आणि पद गेलं. इथवर खरं. पुढं त्यांना कोणीही बोलावलं नाही. गावाकडच्या हवेलीत झाडं लावत लावत ते वारले. पाटलांच्या चेहऱ्याकडे पाहून हे सांगवेना. परतताना बीडला घरी या, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी. दोन्ही अंगांना करडई पिवळीधमक फुललेली. पाणी मात्र चौसाळ्यातच भरून घ्या.

गुरुजींनी ताक दिलं. पाटलांचं नाव काढताच ते सांगू लागले. संध्याकाळी देवळात लोक जमतात, त्यांना ते इंग्रजांचा इतिहास सांगतात. लॉर्डसाहेब पद जाऊन घरी बसले, इथं गुरुजींनी कथा थांबवली, तर कोणी उठेचना. राम वनवासात असताना पोथी बांधत नाहीत, तसंच.

"मग मीच त्यांना परत खुर्चीवर बसवलं रे," गुरुजी म्हणाले. "पाटील एवढं मनावर घेतील असं वाटलं नाही."

पाटील निघाले त्या सकाळी खरं सांगायला गुरुजी वेशीपर्यंत गेले होते आणि न बोलताच परतले होते. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

परतीची वाट तीच होती, पण मजा गेली होती. करडईकडे पाहिलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी पाटील माझ्या दारात आले. सुभेदारांची भेट झालीच नव्हती. शिपायानं फाटकावरूनच वाटेला लावलं होतं. पाय सुजलेले. मला फार वाईट वाटलं. पाटील मात्र खचलेले दिसेनात. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"एक सांगा. लॉर्डसायेब किती वर्सं घरी बसून व्हते, पुन्ना बोलावणं यायच्या आदी?"

"ते गुरुजींना विचारा," मी म्हणालो.

पाटलांना ते पटलं. उठले आणि नांदूरघाटच्या सडकेला लागले.