बायनाबाईनं जगून दाखवलं

बायनाबाईला डोंगरातल्या भिल्लांची दया आली म्हणून ती त्यांची दुखणी वाहू लागली, असं कोणी सांगितलं तर खुशाल समजावं की सांगणाऱ्यानं बायनाबाई पाहिलेली नाही. दया वगैरे तिच्या गावी नव्हती. तिला राग आला होता.

भोकरदनच्या पलीकडे, अजिंठ्याच्या डोंगराला पाठ टेकून पांगरखेड नावाचं गाव होतं. काळ निजामाच्या राज्यातला. सरकारी दवाखाना इतका लांब, की तिथं पोचेपर्यंत दुखणं तरी बरं व्हायचं किंवा माणूस तरी सुटायचा. पण ही गोष्ट घडली त्या वर्षी जालन्याच्या एक डॉक्टरीणबाई दर दुसऱ्या बाजाराला गावात यायला लागल्या. भोकरदनपर्यंत मोटारीनं, पुढं बैलांच्या दमणीत बसून, हाडं खिळखिळी करून घेत. चावडीच्या ओसरीत त्या पेटी उघडायच्या आणि गावातली माणसं आपण होऊन कामाला लागायची. कोणी पाणी उकळायचं, कोणी रांग लावायचं, कोणी रडणारी पोरं धरून बसायचं. पैशाची बात नव्हती.

आणि वर, घाट चढून गेलं की बिबदऱ्याची भिल्लवस्ती होती. धनगराची बायनाबाई मेंढरं घेऊन तिथं चारणीला जायची. तिच्या देखत तिथली माणसं तापानं, खोकल्यानं, कुजलेल्या जखमांनी मरत होती. चालता येणारे बाजाराला उतरले तरी चावडीत यायला बुजायचे आणि पडून असलेल्यांना आणणार कोण?

"औषध खाली, माणूस वर, आन् मधी निस्ता एक घाट," ती चावडीत येऊन कडाडली. "तुमी समदे बसून काय करून राह्यले?"

तिचा दीर कचरू मुकाट उठला, कारण वहिनीपुढं बसून राहायची त्याची हिंमत नव्हती. राधाकिसन हा कुणब्याचा, बऱ्या शेतीवाडीचा तरणा गडी. तो जरा घुटमळला. भिल्लाला खांदा द्यायचा म्हणजे घरात काय सांगायचं?

"मेंढरू आजारी पडलं तर खांद्यावर घेतोस ना? तवा त्याची जात इचारतोस का?" बायनाबाईनं विचारलं. राधाकिसन उठला. आणखी दोघं उठले. घरची बाज रिकामी करून तिनं त्यांच्या खांद्यावर दिली. नवरा रायभान तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिला, पण बाज काही त्यानं अडवली नाही.

पहिलीच खेप अंगाशी आली. माघात त्यांनी वस्तीवरचा एक म्हातारा बाजेवर घालून खाली आणला. त्याची छाती आधीच भरून आलेली होती. डॉक्टरीणबाईंनी हात लावायच्या आत म्हाताऱ्यानं ओसरीतच मान टाकली.

झालं. बिबदऱ्यानं आपला अर्थ काढला. जित्या माणसाला चौघांनी खांदा दिला की तो साल काढत नाही, हे तिथं पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. खांद्यावर फक्त मढं जातं. जिता गेला तर वरचे पितर त्याला मेलेलाच धरतात आणि घेऊन जातात. यात भिल्लांना हसण्यासारखं काही नव्हतं. खाली पांगरखेडातही तेच मानत होते, बायनाबाईच्या धाकानं चौघांनी ते बाजूला ठेवलं होतं इतकंच. बायनाबाईच्या आईनं तर लहानपणी पोरांना बाजेवर घालून मिरवायचा खेळ खेळली म्हणून तिला चांगली झोडपली होती.

फाल्गुन लागला. होळी तोंडावर आली असताना लाकडाची मोळी विकायला आलेल्या एका बाईनं बातमी आणली, की बुधा नाईकाची सून सोनूबाई बाळंतपणात अडली आहे. बुधा म्हणजे वस्तीचा नाईक, त्याचा शब्द शेवटचा. नशिबानं तो डॉक्टरीणबाईंचा दिवस होता. त्या म्हणाल्या, "जल्दी खाली आणा. वर झोपडीत मला काही करता येणार नाही. मी दमणी जुंपून ठेवते. वेळ पडली तर तशीच जालन्याला नेईन."

बायनाबाई बाज आणि माणसं घेऊन घाट अक्षरशः धावत चढली. पण झोपडीच्या दारात बुधा नाईक आडवा उभा राहिला. त्याची बायको झिपरी आत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"खांद्यावर न्हाई," नाईक म्हणाला. "चालत नेता येत आसंल तर ने."

"आरं, ती उठून बसंना, चालंल कशी? मरंल ती!"

"घरात मरंल. तुमच्या खांद्यावर मेली तर तिचा जीव वाटंतच फिरत राहील."

बायनाबाईनं हात जोडले. शिव्या दिल्या. पुन्हा हात जोडले. नाईकाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो दारातून हलला नाही. ऊन कलताना आतून झिपरीचा हंबरडा ऐकू आला. सोनूबाई गेली, पोटातल्या जिवासकट गेली. मग वस्तीतल्या चौघांनी तिला रीतीप्रमाणं खांदा दिला. कडेला पांगरखेडची रिकामी बाज तशीच पडून होती.

माती देऊन लोक परत आले तेव्हा बायनाबाई त्या बाजेवर जाऊन आडवी झाली.

"कचरू, उचला मला," ती म्हणाली. "फिरवा समद्या वस्तीतून."

"वैनी, याड लागलं का? घरी दादाला काय तोंड दाखवू मी?"

"उचल म्हणते ना!"

चौघांनी उचललं. लोक झोपड्यांच्या दारांतून मागं सरले, बायांनी पोरांचे डोळे झाकले. बायनाबाई आभाळाकडं बघत उताणी पडून होती, भीतीनं बाजेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. कारण तिचाही त्या गोष्टीवर विश्वास होता. आईचा मार तिच्या पाठीला अजून आठवत होता. पण सोनूबाई तर समोर गेली होती, आणि ते तिला जास्त सहन होत नव्हतं.

बाज खाली ठेवली. ती उठून नाईकासमोर उभी राहिली. "आता बोल."

बुधा नाईकानं तिला खालवर पाहिलं. "आता काय बोलू? पुढच्या होळीला आपल्या पायानं घाट चढून ये. आलीस तर बिबदरा तुझ्या बाजेवर बसंल. न्हाई आलीस तर समजू, खरं काय ते."

असं बायनाबाईच्या वाट्याला जिवंत राहण्याचं काम आलं. ऐकायला सोपं, पण करून बघावं! विहिरीच्या काठावर ती वाकेनाशी झाली. पावसात नाल्याला पूर असला की मेंढरं अलीकडंच ठेवायची. एरवी मरणाला न भिणारी ही बाई आता पायाखाली काटकी मोडली तरी दचकायची, आणि मग स्वतःवरच चिडायची. रायभान आधी रागावला, मग घाबरला, मग तिच्या ताटात गुपचूप जास्तीचं तूप वाढू लागला.

दर बाजाराला झिपरी मध, डिंक काहीबाही विकायला खाली यायची. बायनाबाईच्या दारासमोर थांबायची, तिला पाहायची आणि निघून जायची. एक शब्द बोलायची नाही. बायनाबाईला वाटायचं, ही सुनेच्या दुःखानं मुकी झाली आहे, आणि माझं मरण केव्हा येतं ते बघायला येते.

भादव्यात बायनाबाईला हिवताप भरला. दात वाजायचे, डोकं फुटायचं. डॉक्टरीणबाईंनी तापावर दिलेलं कोयनेल इतकं कडू, की एरवी तिनं ते देणाऱ्याच्या अंगावर थुंकलं असतं. आता ती नाक दाबून गिळायची. बाजाराच्या दिवशी तर ती तापानं फणफणलेली असताना उठली, केस सारखे केले, आणि दारात सूप घेऊन बसली. हात इतके कापत होते की ज्वारी पाखडायची गरजच नव्हती, ती आपोआप उडत होती. झिपरी आली. नेहमीपेक्षा बराच वेळ उभी राहिली. ती वळून गेल्यावर बायनाबाई सुपासकट कलंडली आणि रायभाननं तिला उचलून आत नेलं.

पण ती जगली. फाल्गुन आला, वर डोंगरात पळस पेटला, आणि होळीच्या दिवशी सकाळीच बायनाबाई निघाली. अंगात पूर्वीची रग नव्हती. दर वळणावर बसावं लागत होतं. कचरूनं हात पुढं केला तर ती खेकसली, "आपल्या पायानं म्हटलंय त्यानं!" मागून रिकामी बाज येत होती.

बिबदऱ्याला कोणी ढोल वाजवला नाही. बुधा नाईक दारातच उभा होता. तिला पाहून तो बाजूला झाला, इतकंच. आत झिपरीची धाकटी लेक पडली होती, बारा-तेरा वर्षांची, द्वारका नावाची. दिवाळीत तिच्या गुडघ्याला गाठ आली, गाठ पिकली, फुटली, आणि आता मांडीपर्यंत पाय काळानिळा झाला होता. वासानं राधाकिसननं तोंड फिरवलं.

बायनाबाईचा संताप मस्तकात गेला. "दिवाळीपासून? आन् तू दर बाजाराला माझ्या दारात येत व्हतीस! समोर चावडी दिसत न्हाई का तुला? काहून बोलली न्हाईस?"

"साल पुरं व्हायचं व्हतं," झिपरी म्हणाली. "तू मेली असतीस तर? एक सून गेल्ती माझी."

बायनाबाई आणखी बोलणार होती. तिच्या तोंडात शिव्यांची रास तयार होती. तेवढ्यात पोरीनं तिच्या लुगड्याचा काठ धरला.

"माय घरी आली की मी आधी तेच इचारायची," द्वारका म्हणाली. "धनगरीण जिती हाय का? भादव्यात माय म्हणली, तिला ताप हाय, कापून राह्यली. मी लई रडले. मंग दिवाळीला माझाच पाय गेला. तवापासून मी रोज म्हणायची, मरू नको, बाई. अजून थोडं. मरू नको."

बायनाबाई पोरीजवळ खाली बसली. वर्षभर तिला वाटत होतं की वस्ती तिच्या मरणावर डोळे लावून बसली आहे. ती पोरीचं डोकं छातीशी धरून मोठ्यानं रडली, कोणाला लाजली नाही. मग तिनं डोळे पुसले, पोरीच्या पाठीखाली हात घातला आणि तिला स्वतः बाजेवर निजवलं.

बाजेचा एक खूर कचरूनं धरला, एक राधाकिसननं. तिसरा गडी पुढं झाला. चौथ्या खुराला हात घालायला पांगरखेडचा माणूस वाकला, तर बुधा नाईकानं त्याला हातानं बाजूला सारलं आणि स्वतःचा खांदा खाली आणला.

"जल्दी चला," बायनाबाई म्हणाली, "आज डॉक्टरीणबाई खाली हाय."