पडद्यामागचा डावरा शिलेदार

सिनेमाच्या बाबतीत सारसोळे गावात गिरजाबाईचा शब्द अखेरचा मानत. पनवेलच्या बाजारात मासळी विकून झाली की ती तीनच्या खेळाला जाई, रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसे आणि संध्याकाळी गावात येऊन निकाल देई. तिची परीक्षा सोपी होती. खाडी ओलांडून आलेल्या माणसाचं धोतर ओलं दिसलं पाहिजे. दुष्ट माणसाला बघून तोंडात शिवी आली पाहिजे. आणि सूड घ्यायला निघालेल्यानं वाटेत गाणी म्हणत बसू नये.

१९७९ च्या चैत्रात गावदेवीच्या जत्रेला मंडळानं एक ऐतिहासिक चित्रपट मागवला. नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘सुडाचं पिक्चर’ म्हणत. बापाला दग्यानं मारणाऱ्या किल्लेदाराला बारा वर्षांनी गाठणाऱ्या शिलेदाराची गोष्ट. गिरजाबाईनं ते आधीच दोनदा पाहिलं होतं. शिलेदाराचं धोतर दोन्ही वेळा कोरडं होतं, बारा वर्षं रानात राहून त्याची दाढीही वाढली नव्हती. पण किल्लेदार असा काही हलकट की त्यापुढं बाकी सगळं माफ.

“त्याची मिशी बगली नि मला माजा थोरला दीर आटवला,” ती म्हणे. “यापेक्षा जास्त काय सांगू?”

या खेपेला मात्र तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तिच्या भावाची मुलगी मीना डावरी होती. डाव्या हातानं ती इतक्या झटपट पापलेट साफ करी की शेजारणी काम सोडून बघत राहत. दिवाळे गावचा शिवा तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला होता आणि त्याला मीनाच हवी होती. पण त्याची आई बयाबाई मुलगी बघायला आली, मीनानं डाव्या हातानं चहा पुढं केला आणि बयाबाईनं दहा माणसांत सांगून टाकलं, “डाव्या हाताची सून मना नको. देवीला निवदबी त्याच हातानं दावील!” त्याला आता दोन महिने झाले होते. जत्रा आटोपली की शिवासाठी घणसोलीची मुलगी ठरणार होती.

बयाबाईला ऐतिहासिक पिक्चर म्हणजे पोथी. पडद्यावर देवी आली की ती चपला काढून हात जोडी. हे गिरजाबाईला ठाऊक होतं आणि तिनं मुद्दाम तिला जत्रेचं आवतण धाडलं.

सारसोळ्यात दोन बांबूंना पांढरं कापड बांधत. पुढं मैदानात पुरुष बसत आणि कापडाच्या मागं बांधावर बायका. मागून सगळं उलटं दिसे. नावंही उलटी येत, पण ती वाचायची कुणी? पाहुणीसाठी पुढं बाकडं मांडलं होतं, त्यावर बयाबाई टेकतेय तोच गिरजाबाई आली.

“हतं कशाला बसतंय गो बाय? बाप्यांच्या विड्यांचा धूर खाशील. मागं चल, खाडीचा वारा हाय.”

पिक्चर सुरू झालं. पाचव्या मिनिटाला शिलेदारानं तलवार उपसली.

“गो गिरजे, यो डावरा हाय!”

“असंल गो. मी बारीक बगितलं नव्हतं.”

मग खुद्द देवीनं प्रकट होऊन त्याच्या डाव्या हातात तलवार दिली. बयाबाईच्या चपला निघाल्या. गिरजाबाईनं हळूच मीनाला चिमटा काढला. सगळं मनासारखं चाललं होतं आणि तेवढ्यात किल्लेदारानंही डाव्या हातानं मिशीला पीळ दिला.

“यो मेलाबी डावरा?”

एवढा विचार गिरजाबाईनं केलाच नव्हता. पुढं तर शिलेदाराची आई डाव्या हातानं त्याला घास भरवी, देवळातला भट डाव्या हातानं तीर्थ देई, आणि शेवटच्या लढाईत तर दोन्हीकडची फौज डावरी. गिरजाबाई खाली मान घालून निकालाची वाट बघत बसली.

किल्लेदार बुरुजावरून खाली कोसळला तशी बयाबाई डोळे पुसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “म्हंजे आदीच्या काळात समदी डावरीच व्हती गो! मागनं आपनच बिगडलो.”

पंधरा दिवसांनी सुपारी फोडायला दिवाळ्याची मंडळी आली. बयाबाईचा दीर गोवर्धन जत्रेच्या दिवशी पुढं मैदानात बसला होता. तो मध्येच उठला.

“वयनी, तो शिलेदार उजव्या हातानं लडला. मी सोता बगितलंय.”

“तू दोन घोट मारून बसला व्हतास.”

“येकच!”

“बांदावरच्या शंभर बायांनी डावा बगितला. त्या काय पिऊन आलेल्या?”

बायकांनी एका सुरात डाव्या हाताची साक्ष दिली, पुरुषांनी उजव्याची. गलका माजला. पुन्हा घणसोलीचं नाव निघतंय की काय, म्हणून गिरजाबाई एकेकाचं तोंड बघत होती. तोच बयाबाई पानाचं ताट घेऊन तिच्या अंगाला खेटून बसली.

“गिरजे, माजं म्हायेर कराव्याचं. त्या गावातबी बाया कापडामागंच. लगीन होईस्तवर मी येक पिक्चर सुलटं बगितलं नव्हतं.”

गिरजाबाईचा हात ताटावर तसाच राहिला. “म्हंजे, त्या दिवशी तुला...”

“पयल्या तलवारीलाच समजलं. पन धा मानसांत ‘नको’ बोलले व्हते गो. तो सबुद परत घ्यायला मना काय तरी नको? माजा शिवा दोन महिनं माज्यासंगं बोलला नव्हता.”

कुठल्याही पिक्चरवर लगेच मत देणाऱ्या गिरजाबाईनं या वेळी नुसतं पान उचलून तोंडात घातलं.

तोवर बयाबाई उठून उभी राहिली होती.

“फोडा रं सुपारी! बाप्ये नुसते हात काय मोजत बसलेत!”