मंगळवारच्या म्हाताऱ्या गाई

ओतिलिया बुस्तोस एकोणिसाव्या वर्षी कोर्दोबाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली आणि नुसतं बघून बघून सगळं शिकली. गाईच्या मेंदूखालची सुपारीएवढी पीयूषिका ग्रंथी सोलायची, तिच्या पेशी सुट्या करायच्या, काचेच्या तबकड्यांत गुलाबी पोषक पाण्यात पेरायच्या आणि उबेच्या कपाटात ठेवायच्या. गाय कधीच कापली गेलेली, पण या पेशी आठवडाभर जगायच्या आणि पाण्यात संप्रेरक सोडत राहायच्या. पंधरा वर्षं झाली तरी कपाट उघडताना ओतिलियाची छाती धडधडायची. पेशींना ती नाचाची गाणी गुणगुणून दाखवायची. लोक हसायचे, ती गायची.

त्या वर्षी मात्र घोळ झाला. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, एका खेपेला तबकड्यांत भरभरून यायचं आणि पुढच्या खेपेला जेमतेम. परदेशातून नुकतेच परतलेले डॉक्टर लास्कानो यांना कारण लगेच सापडलं. अशा माणसांना कारण नेहमी लगेचच सापडतं.

"हात, डॉक्टरबाई, हात!" ते सगळ्यांदेखत म्हणाले. "शिकलेल्या मुलीला बसवा. ओतिलिया बाटल्या छान धुते."

प्रमुख डॉक्टर राकेल ग्रिनफेल्ड यांनी ‘माते’ या कडवट चहाचा घोट घेतला आणि ओतिलियाकडे बघायचं टाळलं. "आणखी एक खेप," त्या म्हणाल्या. "तीही बिघडली, तर पहिल्या तारखेपासून तू मोरीवर."

ओतिलियाला ते फार लागलं. घरी जाऊन ती ढसाढसा रडली, मग तोंड धुऊन स्वतःची वही काढून बसली. चांगल्या खेपांच्या तारखा एकीकडे लिहिल्या, वाईट दुसरीकडे. चांगल्या सगळ्या मंगळवारच्या होत्या आणि वाईट सगळ्या गुरुवारच्या. 

सकाळी ती गरम क्रिओजितो पावांची पुडी घेऊन कत्तलखान्यात पोचली. तिचा बाप इथेच राबला होता, त्यामुळे दारावर तिला कुणी अडवत नसे. बापाचा जुना सोबती रुफिनोकाका आजही डोकी फोडून ग्रंथी काढून द्यायचा.

"काका, मंगळवारी काय कापता?"

"घाबरवलंस की गं, बारके! पोलिसांत लागलीस काय?" रुफिनोने खुसखुशीत पाव तोंडात टाकला. "मंगळवारी दूधवाल्यांच्या म्हाताऱ्या गाई येतात. वासरं काढून काढून दमलेल्या बिचाऱ्या."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी खच्ची बैल, या वर्षापासून. का?"

ओतिलियाने त्याच्या रक्ताळलेल्या एप्रनसकट त्याला मिठी मारली. "अहो काका, बैलाकडे दुधाचं संप्रेरक मागत होतो आम्ही! कुठून देणार तो?"

"मग मला आधी विचारायचं," रुफिनो म्हणाला. "शाळा नाही झाली माझी, पण गाय आणि बैल मला ओळखता येतात!"

पण हे नुसतं सांगून लास्कानो ऐकणार नव्हते. दिवस बदलला की पाणी बदललं, हवा बदलली, असं म्हणायला ते मोकळेच. तेव्हा रुफिनोने मंगळवारच्या सहा गाई गुरुवारपर्यंत मागे ठेवल्या आणि गुरुवारी सहा गाई, सहा बैल एकाच सकाळी कापले गेले. ओतिलिया बर्फातल्या दोन बरण्या, एक गाईंच्या ग्रंथींची, एक बैलांच्या, घेऊन धावतच आली आणि त्या तिने डॉक्टरबाईंच्या हातात दिल्या.

"बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढा, बाई, आणि तुमच्या खुणा घाला. कुठली कुणाची ते मला कळू देऊ नका. पेरणार मीच, याच हातांनी."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चिठ्ठ्या काढून खिशात टाकल्या.

पाच दिवसांनी तबकड्यांतलं पाणी तपासणीला गेलं आणि शुक्रवारी सगळे मोजणीच्या यंत्राभोवती उभे राहिले. त्या यंत्राची तऱ्हा उलटी होती. संप्रेरक जितकं जास्त, तितका आकडा कमी. टकटक करत कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली. पहिली तबकडी, साडेआठ हजार. दुसरी, साडेआठच्या वर. लास्कानोंनी घसा खाकरला. तिसरी, दोन हजार!

"खाली आला!" ओतिलिया किंचाळली. "आकडा खाली आला!"

चौथी दोन हजार, पाचवी आठ हजार. बाईंनी खुणांची यादी उघडली आणि मोठ्याने वाचत गेल्या. बैल, बैल, गाय, गाय, बैल. बाराच्या बारा तबकड्या बरोबर निघाल्या. सफाईवालीने झाडू टाकून ओतिलियाला गरकन फिरवलं, आणि लास्कानो चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

डॉक्टरबाई मात्र पट्टी पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचत होत्या. 

"तेवीस वर्षं," त्या अखेर म्हणाल्या, "तेवीस वर्षं मी या ग्रंथीवर लिहितेय. ती कुणाच्या डोक्यातून येते, हे एकदाही विचारलं नाही. आणि तुझे हात..."  त्यांनी ते हातच हातात घेतले. "मंगळवारी मला घेऊन जाशील तिथे?"

"नेते की," ओतिलिया डोळे पुसत म्हणाली. "पण बूट घालून या, बाई. आणि काकांसाठी क्रिओजितो आणा, त्याशिवाय ते नवख्यांशी बोलत नाहीत."