काकांची जुनी दांडी

चार दांड्या घासून झाल्या की काका मशीन थांबवायचे आणि माझ्या टेबलाकडे निघायचे. "भाऊ, चाक घसाई गयं व्हई. देखी ल्या." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. काका त्यातले.

कामरेजच्या आमच्या कारखान्यात पंपाच्या सिरॅमिक दांड्या घासतात. सिरॅमिक इतकं टणक, की हिऱ्याची पूड बसवलेलं चाकही झिजतं. चाक झिजलं, की दांडी कमी घासली जाते, जाड राहते. म्हणून काकांची ही उठबस. मापाची पोलादी कडी माझ्याकडे असे. दांडी तिच्यातून जेमतेम सरकली, की पास.

मी वैतागायचो. "काका, बसा हो जरा! पायाला भिंगरी लावलीय का?" ते बसायचे आणि चहा यायच्या आत उठायचे.

त्यांच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली एक जुनी दांडी होती, अगदी पहिल्या पास झालेल्या मालातली. नवी दांडी तिच्या शेजारी ठेवून ते वरून नख फिरवायचे. एक दिवस म्हणाले, "नवी जाड लागस, भाऊ."

मी नवी दांडी कडीत घातली. गेली. "बघा! पोलाद कधी खोटं बोलतं का?"

पुढच्याच आठवड्यात सगळा माल परत आला. दांड्या पंपात जात नव्हत्या. शेठनी विचारलं, चूक कुणाची?

"कडी बरोबर आहे," मी म्हणालो. "चाक झिजलं असेल, यांनी बघितलं नसेल."

दर चार दांड्यांनी उठणाऱ्या माणसाबद्दल मी हे बोललो. काका एवढंच म्हणाले, "भाऊ, कडी बी देखी ल्या ना." कुणी बघितली नाही. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. जाताना ते फडकं माझ्या टेबलावर ठेवून गेले.

चार दिवस मी ते उघडलं नाही. टेबलाशी बसवेना. पाचव्या दिवशी जुनी दांडी कडीत घातली. ती जेमतेम सरकायला हवी होती. सरळ आरपार टेबलावर पडली. इतकी वर्षं दांड्या घालून घालून माझी कडीच आतून झिजली होती.

शेठना खरं सांगितलं आणि तसाच नवागामला काकांच्या खोलीवर गेलो. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गावले गयात." कुठलं गाव, तिला ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, याची फार लाज वाटली.

आता नवी कडी आली आहे. दर चार दांड्यांनी मी उठतो, फडकं सोडतो आणि काकांची दांडी तिच्यात घालून बघतो. जेमतेम सरकते. तरी मला बसवत नाही.